ऊटीची जुनी बाग नीट बघायची असेल तर: परभणी-नांदेडकडून निघणाऱ्यांसाठी

पहिल्या खेपेला ऊटीची बाग, म्हणजे तिथलं सरकारी बोटॅनिकल गार्डन, आम्ही पाऊण तासात उरकली. मे महिना, त्यात शनिवार, घड्याळात तीन वाजून गेलेले. फाटकातून आत गेलो, समोरच्या मोठ्या हिरवळीवर फोटो काढले, आईचे गुडघे कुरकुरायला लागले म्हणून बाकावर टेकलो आणि माघारी फिरलो. परभणीला आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय काय बघितलं गं?" तर मला गर्दी सोडून काहीच सांगता येईना.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात पुन्हा गेलो, या वेळी नीट आखून. त्याच बागेत साडेचार तास कुठे गेले कळलं नाही. तेव्हा जे जमलं आणि आधी जे चुकलं, ते दोन्ही इथे मांडते. एक गोष्ट मनाशी पक्की धरा: या बागेला एक पूर्ण सकाळ लागते. महिना, गाडी, मुक्काम, सगळं त्या एका सकाळीच्या सोयीने ठरवायचं. बाकी ठिकाणं उरलेल्या वेळात बसवा.

१. आधी महिना ठरवा, मग सुट्टी मागा

आपल्याकडे सहल म्हटली की दोनच मुहूर्त: उन्हाळी सुट्टी नाहीतर दिवाळी. ऊटीच्या बाबतीत दोन्ही अडचणीचे.

मे महिन्यात बागेत दरवर्षी पुष्पप्रदर्शन भरतं. २०२४ साली ते १२६वं होतं, म्हणजे परंपरा किती जुनी ते बघा. फुलांचे हत्ती, फुलांचे किल्ले, हजारो कुंड्या, सगळं असतं. पण त्या दिवसांत तिकीट नेहमीपेक्षा महाग, खोल्या महाग, आणि फुलांपेक्षा माणसांच्या पाठी जास्त दिसतात. ज्यांना फक्त प्रदर्शन बघायचं आहे त्यांनी मे धरावा, इतरांनी नको.

दिवाळीची गंमत वेगळी. आपल्याकडे तेव्हा पाऊस संपून हवा कोरडी झालेली असते, म्हणून वाटतं तिकडेही तसंच असेल. तमिळनाडूत ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येकडचा मोसमी पाऊस असतो. निलगिरीच्या घाटात त्या दिवसांत दरडी पडतात आणि डोंगरातली छोटी रेल्वे कधी कधी दिवसेंदिवस बंद राहते. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब लक्ष्मीपूजन आटोपून गेलं आणि तीन दिवस खोलीच्या खिडकीतून धुकं बघून आलं.

माझ्या मते आपल्यासाठी उत्तम काळ म्हणजे महालक्ष्म्या उठल्यावर, सोयाबीन काढणीला यायच्या आधी. सप्टेंबर-ऑक्टोबरला तिकडे दुसरा हंगाम म्हणतात. त्यासाठी बागेत नव्याने लागवड होते, कुंड्यांची मांडणी होते आणि गर्दी मात्र मेच्या मानाने बरीच कमी असते. पावसाची सर येतेच, छत्री ठेवा. डिसेंबर-जानेवारीत आकाश स्वच्छ मिळतं, पण रात्री पारा शून्याजवळ जातो आणि पहाटे गवतावर दव गोठलेलं असतं. फुलं तेव्हा कमी. झाडं बघायची असतील तर तेही चालेल.

२. कोईमतूरपर्यंत पोहोचा

ऊटीला मोठी रेल्वे जात नाही. आधी कोईमतूर गाठायचं. तिथून ऊटी रस्त्याने सुमारे ८६ किलोमीटर.

परभणी, नांदेड, जालना, संभाजीनगरकडच्यांनी रात्रीच्या गाडीने हैदराबाद गाठावं आणि तिथून कोईमतूरवरून जाणारी शबरी एक्सप्रेस धरावी. लातूर-धाराशिवकडच्यांना सोलापूर जवळ पडतं. मुंबईहून निघणारी कुर्ला-कोईमतूर गाडी सोलापूरवरून जाते आणि मध्ये गाडी बदलावी लागत नाही.

हैदराबादमार्गे जाणाऱ्यांसाठी मोठा सापळा एकच, स्टेशनाचं नाव. सिकंदराबाद, काचीगुडा, लिंगमपल्ली आणि नवीन झालेलं चर्लपल्ली ही चार वेगवेगळी स्टेशनं आहेत आणि एकमेकांपासून चांगली लांब आहेत. आपली गाडी उतरवते एका ठिकाणी, पुढची सुटते दुसरीकडून. दोन्ही तिकिटांवर नाव वाचा आणि मध्ये निदान तीन-चार तास मोकळे ठेवा. आम्ही पहिल्या वेळी रिक्षात बसून एकमेकांवर ओरडत शहर पार केलं होतं.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. पूर्वीचे १२० दिवस आता राहिलेले नाहीत.

स्वतःची गाडी घेऊन जाणारे बहुतेक म्हैसूर, गुंडलुपेट, बंदीपूर या रस्त्याने येतात. बंदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. "थोडंसं उशीर झालं, सोडा की" याला तिथे कुणी भुलत नाही.

३. डोंगर चढायची सोय आणि ई-पास

मेट्टुपाळयम हे डोंगराच्या पायथ्याचं गाव. कोईमतूरहून तिथपर्यंत लोकल गाडी जाते, बसही मिळते. तिथून वर जायला दोन वाटा.

पहिली वाट निलगिरी माउंटन रेल्वेची. ४६ किलोमीटर, १६ बोगदे, अडीचशे पूल, आणि चढायला जवळपास पाच तास. कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवलेली आहे, इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकत अडकत वर चढतं. कारण चढ इतका तीव्र आहे की दर १२ मीटरला गाडी १ मीटर वर जाते. साधं चाक नुसतं घसरेल. कुन्नूरपर्यंत १८९९ मध्ये ही गाडी सुरू झाली, ऊटीपर्यंत १९०८ मध्ये पोहोचली, आणि २००५ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. पायथ्याहून वर जाणारी गाडी सकाळी साधारण सात वाजता निघते. तिकिटं आरक्षण उघडल्या उघडल्या संपतात, तेव्हा ६० दिवस आधीचा गजर लावाच. शोधताना "ऊटी" लिहून सापडलं नाही तर उदगमंडलम लिहा, रेल्वेच्या दफ्तरी तेच नाव आहे. मिळालं नाही तर हळहळू नका. कुन्नूर ते ऊटी एवढ्याच टप्प्याच्या दिवसातून अनेक फेऱ्या असतात, त्यात जागा तुलनेने सहज मिळते.

नावावरून आठवलं. तिकडच्या बसवर आणि लोकांच्या तोंडी "उदगै" असतं. आईने ते ऐकलं आणि फोनवर मावशीला सांगून टाकलं, "आम्ही उदगीरला आलोत." मावशी लातूरला. ती म्हणाली, "मग जेवायलाच ये की!"

दुसरी वाट रस्त्याची, आणि गाडीने जाणार असाल तर इथे ई-पास लागतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून निलगिरी जिल्ह्यात बाहेरून येणाऱ्या गाड्यांना तो घ्यावा लागतो. संकेतस्थळ सरकारी आहे, २०२४ साली ते ईपास डॉट टीएनईजीए डॉट ओआरजी होतं. गाडीचा नंबर, माणसं किती, येण्या-जाण्याच्या तारखा आणि मुक्कामाचं ठिकाण भरलं की पास मोबाईलवर येतो. पैसे लागत नाहीत, त्यामुळे कुणी "पास काढून देतो, इतके द्या" म्हणालं तर हसून पुढे चला. २०२५ च्या उन्हाळी हंगामात रोज किती गाड्यांना सोडायचं याचीही मर्यादा होती: एरवी ६,०००, शनिवार-रविवारी ८,०००. म्हणून निघायच्या दोन दिवस आधी नियम पुन्हा बघून घ्या.

सरकारी बसने जाणाऱ्यांना हा पास लागत नाही. निलगिरीच्या स्थानिक, म्हणजे टीएन ४३ नंबरच्या गाड्यांनाही नाही. पण कोईमतूरहून ठरवलेली टॅक्सी स्थानिक धरत नाहीत! आमचं घोडं पहिल्या वेळी इथेच पेंड खाऊन बसलं. चालकाने "सगळं माझ्याकडे आहे" म्हणून सांगितलं आणि कल्लारच्या नाक्यावर त्याच्याकडे काहीच नव्हतं. रस्त्याच्या कडेला उभं राहून, रेंज शोधत, ओटीपीची वाट बघत दीड तास गेला. बागेत तीन वाजता पोहोचण्याचं कारण हेच. टॅक्सीत बसायच्या आधी पास तुमच्या डोळ्यांनी बघा.

४. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रं थोडीच आहेत:

- प्रत्येकाचं आधार किंवा दुसरं ओळखपत्र, मूळ प्रत. रेल्वेत आणि हॉटेलात दोन्हीकडे लागतं.
- रेल्वेची तिकिटं आणि खोलीचं बुकिंग मोबाईलमध्ये, शिवाय एकेक कागदी प्रत. घाटात रेंज जाते.
- स्वतःची गाडी असेल तर आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स आणि ई-पास.
- नेहमीच्या गोळ्या चिठ्ठीसकट, आणि घाटात मळमळणाऱ्यांसाठी उलटीची गोळी.

सामानात स्वेटर, कानटोपी, छत्री, आणि तळवा न घसरणारे बूट. ऊटी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटरवर आहे. आपलं म्हैसमाळ हजार मीटरच्या आसपास. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटर. म्हणजे ही बाग कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही सहाशे मीटर वर आहे. पहिल्या दिवशी जरा धाप लागते, डोकं जड वाटतं. पाणी पीत राहा, घाई करू नका. थंडी वाजत असताना ऊन मात्र चटका देतं, म्हणून टोपी हवीच. आमच्या दाजींनी "परभणीच्या ४४ अंशांत राहिलेला माणूस आहे मी" म्हणत टोपी नाकारली आणि दुसऱ्या दिवशी नाकाचं साल निघालं.

५. प्लास्टिक घरीच ठेवा

हे वेगळ्याने सांगते कारण आपली माणसं हमखास इथे अडकतात. निलगिरी जिल्ह्यात एकदाच वापरायच्या प्लास्टिकला बंदी आहे, आणि त्यात पाण्याच्या छोट्या बाटल्याही येतात. पाच लिटरच्या आतली बाटली चालत नाही. गाडीत पाण्याचा बॉक्स टाकून निघायची आपली सवय तिथे नाक्यावर महागात पडते, बाटल्या काढून घेतात आणि दंडही होतो. स्टीलची बाटली न्या. रस्त्यात आणि गावात पाण्याची यंत्रं बसवलेली आहेत, नाणं टाकलं की बाटली भरून मिळते.

धपाटे, शेंगदाण्याची चटणी बेशक न्या, पण डब्यात आणि फडक्यात. कॅरीबॅग नको.

६. आदल्या संध्याकाळी एवढंच करा

मुक्काम चेरिंग क्रॉस चौकाच्या आसपास घ्या, तिथून बाग पायी जाण्यासारखी आहे. तळ्याकाठची खोली फोटोत छान दिसते, पण सकाळी वाहन शोधत बसावं लागतं. लवकर जेवा आणि झोपा. पोहोचलेल्या संध्याकाळी "थोडी बाग बघून घेऊ" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

७. बाग वरून खाली बघा

सकाळी ७ ला फाटक उघडतं. सात नाही तर साडेसातला तरी आत असा. दहानंतर बसगाड्या येतात आणि खालची हिरवळ जत्रेसारखी होते. कॅमेऱ्याचं तिकीट वेगळं असतं, सुटे पैसे ठेवा.

आत गेल्यावर सगळे करतात ते करू नका. म्हणजे हिरवळीवर थांबू नका. ही बाग सपाट नाही, दोड्डबेट्टा शिखराच्या उतारावर टप्प्याटप्प्याने बांधलेली ५५ एकरांची जागा आहे. ताजे पाय आहेत तोवर वर चढा आणि उतरता उतरता बघा. गुडघेदुखीवाल्यांना हाच क्रम सोसतो. आम्ही आईला दर वळणावर बसवत, पाऊण तासात वर नेलं. काठी घेतली होती, उतरताना तिचाच आधार झाला.

अगदी वरच्या अंगाला तोडा लोकांची वस्ती आहे, तिला मुंड म्हणतात. इंग्रज येण्याच्या कितीतरी आधीपासून हे डोंगर या म्हशी पाळणाऱ्या लोकांचे. कोईमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन १८१९ मध्ये वर आला आणि त्यानंतर इथे गाव वसलं. तोडांची जुनी घरं अर्ध्या पिंपासारखी, कमानीच्या छपराची, आणि दार इतकं बुटकं की सरपटतच आत जावं लागेल. ही माणसांची राहती वस्ती आहे. विचारल्याशिवाय फोटो काढू नका. पांढऱ्या कापडावर लाल-काळ्या धाग्याची त्यांची भरतकामाची शाल मिळते, तिला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. घासाघीस करायला मला लाज वाटली.

तिथून खाली बघितलं की बागेचा खरा आराखडा दिसतो. वरचा भाग मुळात जंगल आणि खालची ती गुळगुळीत हिरवळ म्हणजे दलदल होती. त्याची गोष्ट मजेशीर आहे. १८४० च्या दशकात ऊटीतल्या गोऱ्या लोकांना भाजी परवडेना, म्हणून त्यांनी महिना ३ रुपये वर्गणी काढून भाज्यांचा मळा लावला. आपल्या भिशीसारखंच. तो चालला नाही. मग सरकारी बाग करायचं ठरलं आणि १८४८ मध्ये लंडनच्या क्यू बागेत शिकलेला विल्यम ग्रॅहम मॅकआयव्हर इथे आला. उतार कापणं, पाणी काढून देणं, रस्ते आखणं यात त्याची जवळपास दहा वर्षं गेली. पुढे १८६० च्या दशकात दोड्डबेट्टावर सिंकोनाची लागवडही त्यानेच उभी केली. हिवतापावरचं क्विनाईन याच झाडाच्या सालीतून निघतं.

उतरताना झाडांच्या पाट्या वाचा. दोन-तीन झाडांपाशी तरी थांबाच. एक मंकी पझल, चिलीकडचं. फांद्यांना टोकदार, खवल्यांसारखी पानं इतकी गच्च की माकडालाही कोडं पडावं. दुसरं कागदाच्या सालीचं झाड. खोडाला बोट लावून बघा, साल वहीच्या जुन्या पानांसारखी थराथराने सुटते, खाली मऊ लागते. ओढून काढू नका, खालच्या बाजूला लोकांनी सोलून सोलून खोड उघडं केलंय. आणि नेचेघर चुकवू नका. आपल्याकडे विहिरीच्या कपारीत एखादा नेचा उगवतो तेवढाच आपला त्याच्याशी परिचय. इथे आत पाऊल टाकलं की ओल्या मातीचा वास येतो आणि डोक्याएवढ्या उंचीवर पानं लोंबत असतात.

निलगिरीच्या झाडाबद्दल आपला एक गैरसमज तिथे मोडतो. आपण ज्याला निलगिरी म्हणतो ते झाड मुळात ऑस्ट्रेलियाचं. १८४३ मध्ये ते या डोंगरांत आणलं आणि डोंगराचं नाव आपण झाडाला देऊन टाकलं. डोंगर निळा दिसतो तो कुरिंजीच्या निळ्या फुलांमुळे असं सांगतात. ती १२ वर्षांतून एकदा फुलते. शेवटची २०१८ मध्ये फुलली, आता २०३० ची वाट बघायची.

मधल्या टप्प्यावर इटालियन बाग. इटालियन युद्धकैद्यांनी ती केली असं सांगतात. काचघरात बिगोनिया, फ्यूशिया, जिरेनियम. इथे बायका जास्त वेळ रमतात असं दाजी म्हणाले आणि स्वतःच अर्धा तास बाहेर निघाले नाहीत.

सगळ्यात शेवटी, खाली कमळांच्या तळ्याजवळ, ते खोड. बहुतेक लोक त्याच्यावरून नजर फिरवून पुढे जातात कारण ते आडवं पडलेलं जुनं लाकूड वाटतं. दाजी तिथे जे थांबले ते हलेनात. मी म्हटलं, "दाजी, चला की, लाकूड काय बघायलाव एवढं?"

"लाकूड न्हाई हे," ते म्हणाले. "दगड हाय."

दोन कोटी वर्षांपूर्वीचं झाड आहे ते, तमिळनाडूतल्याच तिरुवक्कराईहून आणलेलं. गाळात गाडलं गेलं, पाण्यातल्या खनिजांनी लाकडाची कण न् कण जागा घेतली आणि आकार तेवढा तसाच राहिला. जवळ जाऊन बघितलं तर सालीच्या रेघा आणि गाठी दिसतात. दाजींचं अख्खं आयुष्य काळ्या मातीत गेलेलं, दगड आणि लाकूड त्यांना लांबूनच ओळखू येतं. त्यांनाही नीट वाकूनच कळलं.

आता हिरवळीवर बसा. अकरा-साडेअकरा झालेले असतील, गर्दी आत येत असेल आणि तुमचं बघून झालेलं असेल.

८. खाणं

इडली, पोंगल, फिल्टर कॉफी, कुठेही चांगलं मिळतं. चपातीची आठवण आलीच तर उत्तरेकडची थाळी देणारी हॉटेलं आहेत, पण ती महाग आणि यथातथा. परतताना ऊटीची वर्की घ्या, चहात बुडवायची खुसखुशीत पापुद्र्याची खारी. तिलाही मानांकन आहे. कागदी पुडीत मिळते.

९. रोप घ्यायच्या आधी माझं ऐका

बागेबाहेर रस्त्यावर रोपं विकायला बसलेले असतात. निळ्या हायड्रेंजियाचे घोस बघून कुणाचंही मन विरघळेल. मी दोन घेतली, दोन दिवस रेल्वेत मांडीवर सांभाळली, पूर्वेच्या बाल्कनीत ठेवली. थंडीभर बरी होती. मार्चमध्ये पानांच्या कडा कागदासारख्या झाल्या, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रोज दोनदा पाणी देऊनही दुपारी माना टाकायची, आणि १७ एप्रिलला मी ती उपटली. फ्यूशिया, बिगोनियाचंही तेच होणार. ज्याला रात्रीचा गारवा लागतो ते झाड मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जगत नाही, खत बदलून काही होत नाही. घ्यायचंच असेल तर जाड पानांचं, कोरड्याला सोसणारं काहीतरी घ्या.

त्या दोन कुंड्यांत आता पुदिना आहे.